कॉलेजातला उकिरडा

दिग्रस
६ जुलै २०२५

चि. सौ. नलू हिस इंद्रजितदादाचे आशीर्वाद. आणि फोन सोडून पत्र का, याचा आधी खुलासा. फोनवर तू ‘जेवला का?’ एवढेच विचारतेस आणि माझे उत्तर अर्ध्यात असताना ‘बरं, ठेवते’ म्हणतेस. शिवाय तुमच्या बोरीखेडात आवाज ऐकायचा तर शाळेच्या गच्चीवर चढावे लागते. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही. या वयात माणसाला एवढीच चैन हवी असते.

तुझी सुरभी वसतिगृहात रुळली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र घेतल्यापासून ती मला झाडांची नावे शिकवते. मी तीच नावे संस्कृतात सांगितली, की म्हणते, “मामा, परीक्षेत हे चालत नाही.”

आता माझी बातमी. प्राचार्यांनी बोलावून सांगितले, “सर, तुमच्याकडे वेळ असतो.” हे सत्य आहे. यंदा संस्कृतला चार विद्यार्थी आहेत, पैकी एक समाजशास्त्राचा वर्ग शोधत आला होता आणि संकोचाने बसून राहिला. तर मी आता महाविद्यालयाच्या स्वच्छता समितीचा अध्यक्ष आहे. मेसमधल्या भाज्यांची साले, कॅन्टीनचे कागदी कप, झेरॉक्सचे फाटके कागद, प्रत्येक सत्कारानंतर उरणारे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुष्पगुच्छ आणि कडुलिंबाचा बारमाही पाला, असा सगळा प्रपंच मुलींच्या वसतिगृहामागच्या खड्ड्यात जातो आणि शिपाई तो सायंकाळी पेटवतो. रोज यज्ञ होतो. देवता कोणती, ते मात्र कोणाला ठाऊक नाही.

मी ठरवले आहे: ओले वेगळे, कोरडे वेगळे. ओल्याचे खत, कागद-प्लास्टिक भंगारवाल्याला आणि कॅन्टीनमध्ये स्टीलचे ग्लास. प्रस्तावाला नाव दिले ‘सेंद्रिय पुनर्निर्माण प्रकल्प’. प्राचार्य म्हणाले, “नाव भारी आहे. करा.” पुढे त्यांनी वाचले नाही. सुरभी आणि तिच्या मैत्रिणी कामाला लागल्या आहेत. सायंकाळी ती जरा खोकते, पण हवापालट झाला की पोरी खोकतातच.

भाऊजींना नमस्कार. तूर पेरून झाली का, ते लिही.

तुझा,
इंद्रजितदादा

•

बोरीखेड, ता. कळंब
१३ जुलै

ती. दादास नलूचा नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसली, दुसऱ्यांदा नाही. खोकते म्हणजे काय रे? लहानपणी चुलीच्या धुरानं तिला दम असा लागत होता की मी तिला पाठीवर घेऊन अंगणात फिरायची. म्हणून तर घरात गॅस आणला. आणि तुमी मोठे शिकलेले लोक तिच्या डोक्याजवळ रोज कचरा जाळून राह्यले, आणि तू मले हे खत, ग्लास, पुष्पगुच्छ सगळं सांगून झाल्यावर शेवटी सांगतो!

पोट्टी फोनवर एक शब्द बोलत नाही. मी विचारलं तर म्हणते, “आई, रेंज नाही.” आता समजलं रेंज कुठं जाते. खोकला आला की ती फोन दूर धरते.

तिचे बाबा म्हणतात, आत्ताच घेऊन ये. मी त्यांना दिवाळीपर्यंत थांबवलं. तोवर धूर बंद झाला तर ठीक, नाहीतर मी येईन आणि पेटी-गादीसकट तिला घरी आणीन. शिक्षण सुटलं तर सुटलं. इथं जवळ बी.एस्सी. नाही, मले माहीत आहे. श्वास मात्र इथं आहे.

खताचं तुले काय समजते बाप्पा? पाल्याचा थर, वर शेणाचा काला, वर माती. पाणी हात ओला होईल इतकंच. तूर पेरली.

नलू

•

दिग्रस
१७ ऑगस्ट

चि. नलूस,

तुझे पत्र मला लागायला हवे होते तिथेच लागले. सुरभीला विचारले तर तिने माझ्याकडूनच वचन घेतले, की आईला काही कळवायचे नाही. ते वचन मी आत्ता या वाक्यात मोडतो आहे. तिला डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा औषधाचा पंप दिला आहे. खोली बदलून पुढच्या बाजूची घेतली. पण पुढची बाजू, मागची बाजू हा भेद धुराला मान्य नाही.

खताचा ढीग सुरू झाला आणि मी तो जवळपास मारला. रोज स्नान झाले की तांब्याभर पाणी तुळशीला घालायची माझी सवय. तेच पुण्य मी ढिगालाही देऊ लागलो. तांब्याची पुढे बादली झाली. तुझे ‘हात ओला होईल इतकंच’ मी वाचले होते, पण श्रद्धेच्या भरात विसरलो. ढिगाने जो वास सोडला, त्याने इतिहास विभाग दुसऱ्या मजल्यावर गेला. सुरभीने माझी बादली जप्त केली, कोरडा पाला घातला, शेजारच्या गोठ्यातून शेण आणवले आणि ढीग सुधारला. आता वास नाही. आत हात घातला तर ऊब लागते. प्राचार्यसुद्धा म्हणाले, की असेच चालले तर दिवाळीनंतर जाळणे बंद करू.

आणि इथे विघ्न आले. संस्थेचे सचिव यू. बी. साहेब पाहणीला आले. यांची इथे कापसाची मोठी जिनिंग आहे. मूळचे तुमच्या कळंबकडचे म्हणतात. गृहस्थ सरळ आहेत. कॉलेजासाठी त्यांनी केले तेवढे कोणी केले नसेल. पण ढीग पाहताच त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटले उन्हाचा त्रास झाला. म्हणाले, “कॉलेजात उकिरडा?” मी म्हटले, “साहेब, हा सेंद्रिय पुनर्निर्माण...” ते म्हणाले, “नाव काहीही ठेवा मास्तर. आहे तो उकिरडाच. मला दिसता कामा नये.” आणि गेले. जाळण्याला त्यांची हरकत नाही, शेणाला आहे! पैसा आला की माणसाला शेणाची लाज वाटू लागते, असे माझे निदान आहे. ढिगाभोवती हिरवी जाळी लावली आहे आणि पुढे कुंड्या ठेवल्या आहेत.

इंद्रजित

•

बोरीखेड
२४ ऑगस्ट

दादा,

पोळा झाला. पुरणपोळी खाताना मी घरात तुझं पत्र वाचून दाखवलं, तर माझ्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, यू. बी. म्हणजे बबनरावचा उकंडा!”

उकंडा बबनराव. आमच्याच गावचा. यू. बी. नावानं तो आमाले कसा ओळखू येईल? त्याच्या आईचे आधीचे दोन लेकरं जगले नाहीत. आपल्याकडं मग काय करतात, तुले ठाऊक आहे. पुस्तकात नसेल तर मी सांगते. पोर झालं की त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवतात, दुसरी कोणी बाई उचलून आणते, म्हणजे ते सापडलेलं पोर झालं. त्याच्यावर काळाची नजर पडत नाही. नावही उकंडा, म्हणजे उकिरडाच, ठेवतात. याले उचललं ते आमच्या शेजारच्या शकुबाईनं. म्हातारी अजून आहे, रोज माझ्या ओसरीवर बसते.

शाळेत पोट्टे त्याच्या मागं लागत, “उकिरड्यावर फेकलेला, उकिरड्यावर फेकलेला.” एक दिवस दप्तर घेऊन मामाकडं दिग्रसले गेला, तो गेलाच. आईच्या तेराव्यानंतर पुन्हा गावात पाय ठेवला नाही.

तुझं निदान चुकलं. त्याले शेणाची लाज नाही वाटत. त्या ढिगावर तो स्वतःलेच पाहून राह्यला. आता एक ऐक. हे तू कोणाजवळ बोलू नको. चेष्टेत नको आणि शहाणपणातही नको. शहाणपणात तर बिलकूल नको.

सुरभीचा पंप किती लागतो, खरं लिही.

नलू

•

दिग्रस
९ सप्टेंबर

नलू,

या वेळी आधी सुरभी. शनिवारी तिचा दम वाढला. दवाखान्यात ठेवावे लागले, दोन रात्री. ऑक्सिजन लावला होता. काल सोडले. आता ती बरी आहे, खोलीत आहे आणि मी हे लिहितो आहे हे तिला माहीत आहे. फोन मीच करणार होतो, तिने हातातून घेतला आणि म्हणाली, “आई लगेच येईल.” मी तिचे ऐकले. तुला राग येणार, तो यायलाच हवा.

आता कारण. कारण मी आहे.

तू बजावलेस म्हणून मी कोणाजवळ बोललो नाही. पण शिक्षकदिनाच्या कार्यक्रमाला सचिव येणार होते, आणि मला वाटले, जे बोलता येत नाही ते श्लोकात सांगावे. त्यांचा सन्मान होईल, ढिगाचाही होईल आणि समजणार कोणालाच नाही. संस्कृत शिकवणाऱ्याची आयुष्यभराची खात्री, की आपण काय म्हणतो ते कोणाला कळत नाही! मी म्हटले:

उत्करे निहितो बालः पश्य विद्यालयं दधौ।

सूत्रसंचालन वैष्णवीकडे होते, माझ्या चौघांतली एक. मी थांबताच तिने माइक घेतला आणि आनंदाने सांगितले, “सर म्हणतात, उकिरड्यावर ठेवलेला पोरगा पाहा, त्यानंच हे कॉलेज पेललं!” तीन वर्षांत तिचा अर्थ पहिल्यांदाच बिनचूक आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोणाला काही उमगले नव्हते. ज्याला उमगले तो माणूस शाल खुर्चीवर ठेवून निघून गेला. माझ्याकडे त्याने एकदाच पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी हुकूम आला, ढीग हटवा. शिपायांनी हटवला नाही, कोरडा पाला आणि कागद टाकून जागीच पेटवला. ओला ढीग जळत नाही, नुसता धुमसतो. दिवसभर धुमसला. सुरभी पाण्याची बादली घेऊन तो विझवायला धावली, आणि तिथेच खाली बसली.

तू ये. तिला घेऊन जायचे म्हणालीस तर मी अडवणार नाही. मला विद्यापीठाच्या पेपरांसाठी आठवडाभर अमरावतीला जावे लागते आहे. हे मी पळून जाण्यासाठी करतो आहे असे तुला वाटेल. थोडेसे तसे आहेही.

दादा

•

बोरीखेड
२१ सप्टेंबर

दादा,

तुझ्या पाठीमागं दिग्रसले येऊन गेली. तुझ्यावर रागावायचं ठरवूनच निघाली होती, पण तू नव्हता, म्हणून तो राग दुसरीकडं कामी आला.

शकुबाईनं ऐकलं पोट्टीचं, आणि म्हणाली, “मीबी येते.” मी म्हटलं, “मावशी, एवढा एस.टी.चा हिसका तुमाले सोसत नाही.” म्हणे, “मले सोसते. त्या उकंड्याले कोण सांगन?”

आधी वसतिगृहात गेलो. सुरभी वाळली आहे. मी पेटी भरायला घेतली, तर ती एकेक कपडा परत बाहेर काढे. मी भरायची आणि ती काढायची. शेवटी म्हणाली, “आई, मी गेली तर धूर जाईल का? बाकीच्या पोरी तर इथंच राहतील.” मी गादीवर बसली. मग म्हटलं, चल, त्या साहेबाच्या घरी.

मोठं घर, संगमरवरी पायऱ्या. तो बाहेर आला. मी नमस्कार करून काही बोलायच्या आत म्हातारी म्हणाली,

“काय रे उकंड्या, जेवला का?”

मले वाटलं, आता आपल्याले हाकलते. तो म्हणाला, “कोण तुम्ही?”

“पाह्य ना नीट. म्या उचललं होतं तुले.”

त्यानं वाकून तिचं तोंड पाहिलं. मग एकदम आपल्या बोलीत आला. म्हणाला, “उचललं ते माहीत आहे मले. फेकलं काहून होतं, ते सांग.”

“फेकलं?” म्हातारी अशी चिडली की काठी आपटली तिनं संगमरवरावर. “कोण म्हणे फेकलं? अरे, जागा सारवली होती. रांगोळी काढली होती तुझ्या आजीनं. हळद-कुंकू वाह्यलं. दिवाळीत आपण उकिरड्यावर दिवा लावतो का नाई? कचऱ्याले कोणी दिवा लावते का रे?”

तो एक पायरी खाली उतरला.

“तुझ्या मायचे दोन गेले होते. देव झाले, डाक्टर झाले. मंग तुझी आजी म्हणे, उकिरड्यात जे जाते ते मरत नाई. शेण जाते तं जवारी होऊन येते, पऱ्हाटीचा कापूस होऊन येते. याले तिथं ठेवा, थो याले वापस देईन. घरातली सगळ्यात भरोशाची जागा होती ते, म्हणून ठेवलं. तुझी माय दारात पदर तोंडात कोंबून उभी. म्या तुले उचलून तिच्या वटीत घातलं.”

“मले कोणी हे सांगतलं नाई,” तो म्हणाला.

“तू इचारलं कवा? नावानं हाक मारली की पळे.”

दादा, एवढा मोठा माणूस त्या पायरीवर खाली बसला. मग त्याची नजर सुरभीवर गेली. ती चढ चढून आली होती, दोन शब्द बोलून थांबत होती. त्यानं विचारलं, “हिले काय झालं?” मी सांगितलं. जसं झालं तसं सगळं सांगितलं, तुझा श्लोकही. ढीग पेटवला हे त्याले माहीत नव्हतं. तो म्हणाला, “मी हटवा म्हटलं होतं.” मी म्हटलं, “साहेब, तुमी हटवा म्हटलं, त्यांनी जाळला, अन् दम माझ्या पोरीचा गेला.”

त्यानं कोणतंच वचन दिलं नाही. “पाहतो,” म्हणाला. आमाले जेवू घातलं. म्हातारीले गाडीनं गावापर्यंत पोचवलं.

मी पेटी तिथंच ठेवून आली. दिवाळीपर्यंत. तू ‘पाहतो’चा अर्थ जाणतोस का, मले सांग. तुमच्या भाषेत त्याले काही शब्द असेल.

नलू

•

दिग्रस
९ नोव्हेंबर

चि. नलू,

‘पाहतो’चा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता, म्हणून उत्तर दिले नाही. आता माहीत झाला आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सचिव आले. गाडी बाहेरच ठेवून चालत मागच्या खड्ड्याकडे गेले. प्राचार्य धावले, मी त्यांच्या मागे धावलो. मी कमी धावलो, कारण मला काही बोलायचे होते आणि त्यासाठी श्वास राखून ठेवायचा होता. मी क्षमा मागितली. ते म्हणाले, “मास्तर, पुढच्या वेळी मराठीत बोला. म्हणजे कोणी लक्ष देणार नाही.”

मग त्यांनी राखेत काठी घालून पाहिले आणि शिपायांना विचारले, “काडेपेटी कोणाकडे आहे?” एकाने दिली. ती त्यांनी खिशात टाकली. तेवढेच. सभा नाही, परिपत्रक नाही. त्या दिवसापासून कॉलेजात काहीही जळलेले नाही. प्राचार्यांनी देवघरातली उदबत्तीसुद्धा आठवडाभर लावली नाही, असे ऐकतो.

नवा ढीग कुठे करायचा, यावर दोन दिवस चर्चा झाली. मी म्हटले, आडोशाला करू. सचिव म्हणाले, “आडोशाला कायले? दारासमोर करा.” म्हणून तो आता मुख्य दरवाज्याच्या उजव्या हाताला, कडुलिंबाच्या सावलीत आहे. येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्याला भेटतो. त्यांच्या जिनिंगमधली कवडी, म्हणजे किडका टाकाऊ कापूस, आणि कोंडा ट्रॉलीने येतो; ओल्यावर तो पसरला की वासाचे नाव नाही. इतिहास विभाग खाली परतला. कॅन्टीनमध्ये स्टीलचे ग्लास आले. पोरे चहा गरम लागतो म्हणून तक्रार करतात, याचा अर्थ आधी तो गरम नव्हता. भंगारवाला आठवड्याला येतो आणि मला ‘अध्यक्षसाहेब’ म्हणतो. घरी कोणी म्हणत नाही.

सचिव रोज सकाळी येतात आणि ढिगाजवळ थोडा वेळ उभे राहतात. काय पाहतात, मी विचारत नाही. तुझे पत्र वाचल्यापासून विचारावेसे वाटणाऱ्या गोष्टींपैकी निम्म्या मी विचारत नाही, आणि माझे शहाणपण त्या मानाने वाढल्यासारखे लोकांना वाटते.

दिवाळी करून तू सुरभीला परत पाठवलेस. भाऊजींना काय सांगून पटवलेस, ते कधीतरी लिही. डॉक्टरांनी तिला तपासले. औषध पूर्ण सुटायला वेळ लागेल, पण पंप आता क्वचित लागतो. हे त्यांनी सांगितले म्हणून लिहितो. माझा स्वतःचा पुरावा वेगळा आहे, तो काल मिळाला.

काल कुलगुरूंच्या प्रतिनिधींचा सत्कार झाला. उरलेला पुष्पगुच्छ हातात घेऊन मी बाहेर पडलो आणि फुले म्हणजे ओला कचरा, या विचाराने तो तसाच ढिगात ठेवून दिला. वरचे चुरचुरीत प्लास्टिक, चमकीची रिबिन, स्टेपलर सगळ्यासकट. सुरभीने ते वरच्या मजल्यावरून पाहिले. ती जिना उतरून पळत आली आणि प्रतिनिधींच्या, प्राचार्यांच्या आणि सचिवांच्या देखत मला बोलू लागली. मामा, हे प्लास्टिक कोण काढणार, गांडुळं का? समितीचे अध्यक्ष ना तुम्ही? पोरांना आम्ही दिवसभर सांगतो, आणि तुम्ही! उद्यापासून सत्काराला फुलं नकोतच, एक रोप द्या, नाहीतर नुसता नमस्कार करा, तुम्हाला तरी काय कळतं, बोरीखेडच्या म्हाताऱ्यासुद्धा यापेक्षा... असे बरेच, आणि सगळे खरे. सचिव तोंड फिरवून हसत होते. मी मान खाली घालून प्लास्टिक सोडवत होतो.

आणि नलू, एवढे सगळे ती एका श्वासात बोलली. जिना उतरून, पळत येऊन, कुठेही न थांबता. बोलून झाल्यावर दुसरा श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाली.

तुझा,
इंद्रजितदादा